स्लॅबचा माल काढताना: गोण्या मोजण्याआधी जाडी ठरवा

‘सहाशे फुटांचा स्लॅब आहे, सिमेंटच्या किती गोण्या लागतील?’ या प्रश्नाला तोंडावर आकडा देणारे बरेच भेटतात. तो आकडा बरोबर निघाला तर नशीब. चौरस फुटांवरून गोण्या निघत नाहीत. जाडी, बीम आणि मिक्स (सिमेंट, वाळू, खडी, पाणी यांचं प्रमाण) या तीन गोष्टी ठरल्या तरच त्या निघतात. कोकणपट्टीत चुकीची किंमतही जास्त. मे महिन्यात दुपारी तीनला खडी संपली, तर पुढची गाडी येईपर्यंत ओतलेलं काँक्रीट आवळतं. त्यावर ओतलेल्या नव्या मालाचा सांधा जून उजाडताच ठिबकायला लागतो.

खाली एक उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. घराचं बाहेरचं माप २४ × १८ फूट. पाऊस भिंतीवर येऊ नये म्हणून स्लॅब चारही बाजूंनी २ फूट बाहेर काढलेला. भोवती बीम आणि मध्ये एक आडवा बीम. कॉलम बीमच्या तळापर्यंत आधीच भरलेले. जिना बाहेरून, म्हणून स्लॅबला भोक नाही.

## टप्पा १: नकाशावरून पाच गोष्टी लिहून घ्या

आर्किटेक्टचा प्लॅन यासाठी पुरत नाही, आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे डिझाइनर इंजिनिअरचा सळई-काँक्रीटचा नकाशा लागतो. त्यातून घ्यायच्या गोष्टी: स्लॅबची जाडी, बीमची रुंदी आणि एकूण खोली, सळ्यांचा व्यास आणि अंतर, कव्हर, काँक्रीटची ग्रेड (ताकदीचा वर्ग: एम-२०, एम-२५ असा).

यातलं कव्हर, म्हणजे सळई आणि काँक्रीटचा बाहेरचा पृष्ठभाग यांमधलं अंतर, आपल्याकडे सर्वांत जास्त हलक्यात घेतलं जातं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये किनारी भागातल्या, पण खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या काँक्रीटला ‘मध्यम’ वर्ग आहे: किमान एम-२५ ग्रेड आणि ३० मिमी कव्हर. उघडं, थेट किनारी हवामानात असलेलं काँक्रीट ‘तीव्र’ वर्गात जातं: एम-३० आणि ४५ मिमी. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिमी. घाटाच्या पायथ्याचं गाव आणि समुद्रालगतची वाडी यांचा स्लॅब एकच नसतो तो यामुळे.

याचा मालाशी थेट संबंध आहे. ५ इंची, म्हणजे १२७ मिमी स्लॅबमध्ये ४५ मिमी कव्हर दिलं की सळईच्या वर कामाची खोली ८० मिमीच्या आसपासच उरते. डिझाइनर मग जाडी ६ इंच करतो. आपल्या उदाहरणात एक इंच वाढला की ५१ घनफूट वाढतात, म्हणजे अर्धा ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) काँक्रीट आणि अकरा-बारा गोण्या. म्हणून जाडी पक्की झाल्याशिवाय पुढचा एकही आकडा काढू नका.

उदाहरणातलं घर आडोशाचं धरलं आहे: ५ इंच जाडी, ३० मिमी कव्हर, एम-२५, बीम ९ × १८ इंच.

सावध: ‘सगळीकडे २० मिमीच ठेवतो’ असं फिटर (सळई बांधणारा) म्हणाला तर ड्रॉइंग त्याच्या हातात द्या. कव्हर त्यानं ठरवायचं नसतं.

## टप्पा २: घनफळ काढा

स्लॅबचं माप भिंतीचं घेऊ नका, बाहेर काढलेल्या कडेपर्यंतचं घ्या. २४ + ४ = २८ फूट, १८ + ४ = २२ फूट.

स्लॅब: २८ × २२ = ६१६ चौरस फूट. त्याला ५ इंचांनी, म्हणजे ०.४१६७ फुटांनी गुणलं की २५६.७ घनफूट.

बीमच्या वरचे ५ इंच स्लॅबमध्ये मोजून झालेले आहेत, म्हणून बीमचा फक्त खाली लोंबणारा भाग धरायचा: १८ − ५ = १३ इंच. लांबी मोजताना कोपरे दोनदा येऊ देऊ नका. लांब बीम २ × २४ = ४८ फूट. आडवे बीम तीन, लांब बीमच्या आतल्या अंगापर्यंत प्रत्येकी १६.५ फूट, म्हणजे ४९.५ फूट. एकूण ९७.५ फूट.

बीम: ९७.५ × ०.७५ × १.०८३ = ७९.२ घनफूट.

बेरीज ३३५.९ घनफूट. सांडणं, साच्याच्या प्लेटांमधल्या फटी आणि जाडीतला थोडा चढउतार यांसाठी ५ टक्के धरा: ३५२.७ घनफूट, म्हणजे ३.५३ ब्रास. ३५.३१५ ने भागलं की ९.९९ घनमीटर. पुढे सगळीकडे १० घनमीटर धरू.

बीम पूर्ण १८ इंच मोजला तर ३० घनफूट फुकट वाढतात. बीम विसरलात तर ८० घनफूट कमी पडतात. यातली दुसरी चूक जास्त दिसते, कारण ‘स्लॅब’ म्हटलं की डोळ्यासमोर फक्त सपाट भाग येतो.

तपासा: एकूण घनफूट भागिले स्लॅबचं क्षेत्रफळ. आपलं ३३५.९ ÷ ६१६ = ०.५४५ फूट, म्हणजे साडेसहा इंच. बीमसह सरासरी जाडी स्लॅबपेक्षा एक-दोन इंच जास्त निघाली तर हिशेब वाटेवर आहे. पाच इंचच निघाली तर बीम सुटले.

## टप्पा ३: मिक्स ठरवा, मग गोण्या

साइटवर मिक्सरवाल्याच्या तोंडी असतं ते १ : १.५ : ३. ही एम-२० ची प्रमाणं. ओल्या घनफळाला कोरडा माल १.५४ पट लागतो. त्यातलं सिमेंट १ ÷ ५.५, सिमेंटचं वजन घनमीटरला १४४० किलो. यावरून एका घनमीटरला ५० किलोच्या ८.०६ गोण्या, ०.४२ घनमीटर वाळू आणि ०.८४ घनमीटर खडी निघते. आपल्या १० घनमीटरला ८१ गोण्या, दीड ब्रास वाळू, तीन ब्रास खडी.

पण आपल्याला एम-२५ हवं आहे आणि कोडनं ठरावीक प्रमाणांची सोय एम-२० पर्यंतच ठेवली आहे. त्यापुढे मिक्स डिझाइन करून घ्यावं लागतं. ‘एम-२५ म्हणजे १ : १ : २’ हे गावोगाव ऐकू येतं. त्यानं घनमीटरला साडेपाचशे किलोच्या वर सिमेंट जातं, आणि कोडची कमाल मर्यादा ४५० किलोची आहे. जादा सिमेंटनं स्लॅब तडकतो. पैसेही जातात आणि पाणीही गळतं.

म्हणून कामाच्या महिनाभर आधी, ज्या क्रशरची खडी घेणार तीच खडी, तीच क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) आणि तेच सिमेंट मटेरियल टेस्टिंग लॅबला द्या. २८ दिवसांचा क्यूब रिझल्ट, म्हणजे काँक्रीटचे ठोकळे दाबून तपासलेली ताकद हवी असते, म्हणून आधीच. हातात जो कागद येतो त्यात दर घनमीटरला किलो लिहिलेले असतात. समजा असा आला: सिमेंट ३८०, क्रश सँड ७५०, २० मिमी खडी ६८०, १० मिमी खडी ४५०, पाणी १७० लिटर, अ‍ॅडमिक्श्चर (कमी पाण्यात माल सैल ठेवणारं रसायन) सिमेंटच्या १ टक्का. (हे आकडे पद्धत कळावी म्हणून आहेत, तुमच्या कागदावरचेच वापरा.)

१० घनमीटरला सिमेंट ३८०० किलो, म्हणजे ७६ गोण्या. अ‍ॅडमिक्श्चर ३८ किलो. एम-२० च्या ढोबळ प्रमाणापेक्षा गोण्या कमीच लागल्या आणि ताकद जास्त मिळाली. फरक पडतो तो पाण्यानं: ०.४५ च्या पाणी-सिमेंट प्रमाणानं.

सावध: १.५४ हा आकडा फक्त घनफळी प्रमाणासाठी. किलोच्या मिक्सला तो लावायचा नाही. रेडीमिक्स, म्हणजे प्लँटवरून तयार येणारं काँक्रीट मागवतानाही नाही. १० घनमीटरच्या स्लॅबला १५.४ घनमीटर रेडीमिक्सची ऑर्डर गेली की उरलेल्या पाच घनमीटरचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही.

## टप्पा ४: किलोचे ब्रास करा, आणि गाडी मोजा

खडी-वाळू विकली जाते ब्रासनं. सुटी खडी ब्रासला साधारण सव्वाचार टन, कोरडी क्रश सँड साडेचार ते पावणेपाच टन.

२० मिमी खडी: ६.८ टन ÷ ४.२५ = १.६ ब्रास. पावणेदोन मागवा.
१० मिमी खडी: ४.५ टन ÷ ४.२५ = १.०६ ब्रास. सव्वा मागवा.
क्रश सँड: ७.५ टन ÷ ४.६ = १.६३ ब्रास, पण कोरडी.

इथे कोकणची हवा आडवी येते. ओलसर वाळू फुगते. ट्रकमध्ये ती जास्त जागा व्यापते, पण दाणे तेवढेच असतात. बरणीत २०० मिलीच्या खुणेपर्यंत ओलसर वाळू सैल भरा, पाणी ओतून हलवा, बसू द्या. वाळू १६० च्या खुणेवर आली तर फुगवटा ४० भागिले १६०, म्हणजे २५ टक्के. १.६३ ला १.२५ ने गुणलं की २.०४. म्हणजे सव्वादोन ब्रास मागवायची.

त्याच बरणीत वर बसलेला गाळाचा थर पाहा. वाळूच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती गाडी परत.

गाडी ‘दोन ब्रासची’ म्हणून येते. आत चढा. फाळक्याची आतली लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजा. उंचीसाठी सळईचा तुकडा पाच ठिकाणी तळापर्यंत खुपसा आणि सरासरी घ्या. १२ × ६.५ × २.५ = १९५, म्हणजे जवळपास दोन ब्रास. मधला ढीग उंच आणि कडेला माल दोन फूट असेल तर भरते जेमतेम दीड-पावणेदोन ब्रास. घाटातून येताना माल बसतो हे खरं, पण बसून अर्धा फूट कमी होत नाही.

माल थेट जांभ्याच्या लाल मातीवर ओतू नका. तळाचा चार-सहा इंचांचा थर मातीत मिसळून वाया जातो, आणि नाही गेला तर मिक्सरमध्ये जातो. खाली ताडपत्री किंवा जुन्या प्लेटा टाका.

सावध: खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी आरसीसीला न धुता वापरू नका. मिठातलं क्लोराइड सळई आतून गंजवतं. गंज फुगतो, कव्हर सुटतं आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडतात. तेव्हा प्लास्टर करून उपयोग नसतो.

## टप्पा ५: सळई नगावर काढा, टनावर नाही

‘स्लॅबला एक टन’ हा अंदाज. ऑर्डर द्यायची ती नगांची. वजन निघतं व्यासाच्या (मिमी) वर्गाला १६२ ने भागून: ८ मिमी मीटरला ०.३९५ किलो, १२ मिमी ०.८८९, १६ मिमी १.५८. बाजारातली सळई १२ मीटर, म्हणजे ३९ फूट ४ इंच. ८ मिमीचा एक नग ४.७४ किलो.

उदाहरणात दोन्ही दिशांना ८ मिमी, ६ इंचांवर. २८ फुटी दिशेच्या सळया २२ ÷ ०.५ + १ = ४५. २२ फुटी दिशेच्या २८ ÷ ०.५ + १ = ५७. हा ‘+ १’ विसरला जातो. दोन्ही कडांचं कव्हर सोडून लांबी २७ फूट ९ इंच आणि २१ फूट ९ इंच.

आता तुकडे पाहा. ४५ नगांतून प्रत्येकी ११ फूट ७ इंच उरतात, ५७ नगांतून १७ फूट ७ इंच. फिटर हे तुकडे बाजूला टाकून वरच्या जाळीसाठी नवे नग कापायला घेतो, आणि दीडशे किलोहून जास्त सळई कोपऱ्यात गंजत पडते. बाहेर काढलेल्या २ फुटांसाठी वरून सळई लागते: २ फूट बाहेर, ९ इंच बीमवर, ३ फूट आत, म्हणजे ५ फूट ९ इंच. चारही बाजूंना मिळून २०४ नग. मधल्या बीमवर ७ फूट ९ इंचाच्या ३७. लांब तुकड्यांतले १९ घ्या, प्रत्येकी दोन काढा: ३७ भागल्या, एक जास्त. उरले ३८ लांब तुकडे, प्रत्येकी तीन, म्हणजे ११४. आखूड ४५ तुकडे, प्रत्येकी दोन, म्हणजे ९०. एकूण २०४. बरोबर बसतं, पण कापणी आधी कागदावर केली तरच. ड्रॉइंगमध्ये कडेला काटकोनी वळण असेल तर लांबी वाढते आणि हा मेळ मोडतो. तेव्हा तुमच्या मापानं पुन्हा मांडा.

वरच्या सळयांना आडव्या बांधायला ९ इंचांवर ८ मिमी: कडेला २२ नग, मधल्या बीमवर ६. एकूण ८ मिमी १०२ + २८ = १३० नग, ६१६ किलो. बीममध्ये खाली तीन १६ मिमी, वर दोन १२ मिमी आणि ६ इंचांवर ८ मिमीच्या रिंगा असतील, तर लॅप (सांध्यात एकमेकींवर चढवलेली सळयांची लांबी) आणि वळणं धरून आणखी सव्वातीनशे किलो. बांधणीची तार १० किलो. चेअरसाठी, म्हणजे वरच्या सळया उचलून धरणाऱ्या घोड्यांसाठी ८ मिमीचे दोन-तीन नग वेगळे.

तपासा: सळईच्या वजनात कोड थोडी सूट देतो, १० मिमीपर्यंत ७ टक्के. वजनदार माल आला तर ६१६ किलोत १३० नग भरत नाहीत. काट्याची पावती घ्या, पण उतरवताना नग मोजा.

कव्हर ब्लॉक स्लॅबला तीन-तीन फुटांवर धरले तरी सत्तर, बीमला तेवढेच. दोनशे आणा. खडीचे तुकडे किंवा फुटकी लादी खाली सरकवणं म्हणजे टप्पा १ मधलं सगळं पाण्यात.

## टप्पा ६: सेंटरिंग (साचा आणि टेकू)

दर ठरवताना ‘चौरस फूट’ म्हणजे कोणता, ते आधी लिहून घ्या. वरून मोजलं तर ६१६. प्लेट लागते तो प्रत्यक्ष भाग मोजला, म्हणजे बीमच्या दोन्ही बाजू आणि स्लॅबची कड धरून, तर सुमारे ८७०. भांडण इथेच होतं.

टेकू भरावावर उभे राहणार असतील तर प्रत्येकाखाली फळी. वळवाची एक सर आली की नवा भराव बसतो. टेकू अर्धा इंच खचला तर स्लॅब मध्ये जाड होतो.

प्लेटा-टेकूंचं भाडं किती दिवसांचं ते आत्ताच धरा. साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस. पीपीसी (फ्लाय अ‍ॅश मिसळलेलं सिमेंट) असेल तर त्याहून जास्त, डिझाइनरला विचारून. बाहेर काढलेल्या भागाचे टेकू सर्वांत शेवटी.

## टप्पा ७: पाणी, जे यादीत कोणी लिहीत नाही

मिक्सला १७०० लिटर, मिक्सर-पाट्या धुवायला वेगळं. पुढे वाफे करून दोन इंच पाणी साठवायचं तर एका भरण्याला २९०० लिटर. पीपीसीला किमान १० दिवस, जमलं तर १४. मे महिन्यात विहिरीनं तळ गाठलेला असतो. टँकर आधी सांगून ठेवा.

किनाऱ्यालगतची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. जिभेला खारट लागलं तर तपासायलाही नेऊ नका, दुसरं पाणी बघा. स्लॅबवर मारायलाही तेच नियम.

## टप्पा ८: आणण्याचा क्रम आणि ओतण्याचा दिवस

जूनच्या पहिल्या आठवड्यापासून मागे मोजा. एप्रिलअखेर ओतणं उत्तम, मेच्या मध्यानंतर जोखीम. आधी सेंटरिंग, मग सळई. खाऱ्या वाऱ्यात ती महिनाभर उघडी ठेवू नका. मग खडी-वाळू, आणि सिमेंट शेवटच्या आठवड्यात. गोणीवरचा उत्पादनाचा आठवडा वाचा. जमिनीपासून फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहा थरांपेक्षा उंच नाही. खडा धरलेली गोणी मोजणीत धरू नका. ७६ ला ८० आणा. न फोडलेल्या गोण्या परत घेण्याचं दुकानदाराशी आधीच बोला.

एका गोणीच्या मिक्सरला ७६ फेऱ्या. फेरीला पाच मिनिटं धरली तरी साडेसहा तास, जेवण सोडून. सकाळी सातला पहिली गोणी फुटली पाहिजे. व्हायब्रेटर दोन, त्यातला एक पेट्रोलवरचा. वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही.

घमेल्यांवर जाऊ नका. दर गोणीला सँड ९९ किलो, २० मिमी ९० किलो, १० मिमी ५९ किलो, पाणी २२ लिटर. सकाळी काट्यावर एकदा वजन करून लाकडी फर्म्यांवर खुणा करा. सँडमध्ये ५ टक्के ओल असेल तर तिच्यातूनच पाच लिटर पाणी येतं. मग सँड १०४ किलो आणि वरून पाणी १७ लिटरच. माल घट्ट वाटतो म्हणून मिक्सरवाला पाइप सोडतो, तो हात धरायचा. दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब भरून ठेवा.

रेडीमिक्स घेत असाल तर पाणी मिसळल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. प्लँटपासूनचा रस्ता त्या हिशेबानं बघा, आणि वाडीच्या पाखाडीपर्यंत गाडी पोचते का तेही.

तपासा: अर्धा स्लॅब झाला की रिकाम्या गोण्या मोजा. ३६ ते ३८ असायला हव्यात. ४२ झाल्या असतील तर थांबून ओल्या मालात सळई खुपसून जाडी मोजा. संपूर्ण स्लॅब अर्धा इंच जाड गेला तर साडेपाच गोण्या जास्त खातो, आणि तुमची ५ टक्के सूट तिथेच संपते. या क्षणी फोन केला तर खडी संध्याकाळच्या आत येते. शेवटच्या दहा फुटांवर कळलं तर येत नाही.

तरीही माल संपणारच असेल तर मिळेल तिथे थांबू नका. सांधा कुठे घ्यायचा ते ड्रॉइंगवर डिझाइनरकडून आदल्या दिवशीच खूण करून घ्या. तिथे फळी उभी लावून कड सरळ कापा, उतरती सोडू नका. दुसऱ्या दिवशी ती कड खरवडून, धुऊन, सिमेंटचा पातळ घोळ लावूनच पुढचा माल ओता.